हुशार मुलीची काय तक्रार?

जून जवळ आला की घराघरात एकच धांदल सुरू होते. दप्तर, रेनकोट, वह्यांना कव्हरं, गेल्या वर्षीच्या युनिफॉर्मची दुमड उसवून लांबी वाढवणं. त्यात मूल चौथी पास होऊन पाचवीसाठी हायस्कूलमध्ये जाणार असेल तर विचारायलाच नको. नवी शाळा, नवे सर, प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक, एसटीचा पास. पण या सगळ्या तयारीत एक गोष्ट सहसा नसते. शिक्षकांना आधी भेटून आपल्या मुलाबद्दल चार शब्द बोलणं. मूल अभ्यासात मागे असेल तर आईवडील जातात तरी. मूल पुढे असेल तर कुणीच जात नाही. ‘हुशार आहे, निभावून नेईल’ असं म्हणून सगळे निर्धास्त होतात. आज या ‘निभावून नेणाऱ्या’ मुलांबद्दलच बोलायचं आहे.

माझी लेक चौथीपर्यंत आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. दोन शिक्षकांची शाळा, दोन खोल्यांत चार वर्ग. लोक नावं ठेवतात अशा शाळांना, पण तिला त्याचा फायदाच झाला. पहिलीत असताना ती दुसरीचं ऐकायची, तिसरीत असताना चौथीची गणितं फळ्यावरून उतरवून घ्यायची. कुणी मुद्दाम काही केलं नाही, खोलीच एक होती. तिची शिकण्याची भूक आपोआप भागत गेली.

चौथीच्या निकालाच्या दिवशी तिच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “हायस्कूलला घालाल तेव्हा आधी सरांना भेटून या. तिथे एका वर्गात साठ पोरं, आणि सगळी एकाच इयत्तेची. हिला जे येतं तेच पुन्हा पुन्हा करावं लागेल. अशी पोरं एक तर दंगा करतात, नाहीतर गप्प होतात. मुली गप्प होतात.”

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वर्गात पुढे असणारी, सगळ्या स्नेहसंमेलनांत बक्षीस घेणारी, आणि आठवीपर्यंत कुठेतरी दिसेनाशी झालेली एखादी मुलगी आपल्या प्रत्येकीच्या ओळखीची असते. तिला काय झालं, हे कुणी विचारत नाही. कारण ती नापास झालेली नसते, ती फक्त गप्प झालेली असते.

कौतुक सांगायला शाळेत?

मी शाळेत जाणार म्हटल्यावर घरात हसूच झालं. नणंद म्हणाली, “वहिनी, स्वतःच्या पोरीचं कौतुक सांगायला शाळेत जातं का कुणी?” सासूबाईंना दृष्ट लागायची काळजी. आमचे हे म्हणाले, “जायचंच असेल तर हात हलवत जाऊ नकोस. काहीतरी दाखवायला घेऊन जा.” हा सल्ला लाखमोलाचा ठरला.

मी तीन गोष्टी नेल्या. एक तिची गणिताची वही, जिच्यात तिने पाचवीच्या जुन्या पुस्तकातले अपूर्णांक स्वतःच्या पद्धतीने सोडवले होते. दुसरी, वर्षभरात तिने वाचलेल्या पुस्तकांची यादी, तिच्याच अक्षरात. तिसरी, बाईंनी लिहून दिलेली पाच ओळींची चिठ्ठी. शाळा सुरू झाल्यावर पहिला आठवडा मुद्दाम सोडला, कारण तेव्हा प्रवेशाची गर्दी असते. दुसऱ्या आठवड्यात शनिवारी शाळा सुटल्यावर गेले.

हेडमास्तरांनी सगळं पाहिलं आणि चष्मा काढून विचारलं, “ताई, नापास मुलांचे पालक येतात माझ्याकडे. हुशार मुलीची काय तक्रार?”

मी म्हटलं, “तक्रार नाही सर, विनंती आहे.”

मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली, आणि ती खोटी नव्हती. वर्गात त्रेसष्ट मुलं. दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. “एकटीसाठी वेगळं काही करायला माझ्याकडे माणूस नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “माणूस नको सर. तिला जे आधीच येतं ते दहा वेळा लिहायला लावू नका, एवढंच. त्या वेळात तिने काय करायचं, ते मी पुरवीन.”

इथे एक फरक सांगते. सवलत वेगळी आणि सोय वेगळी. सवलतीने काम कमी होतं. मी मागत होते ती सोय, म्हणजे काम तेवढंच, पण तिच्या मापाचं. आपण सगळ्या मुलांना एकाच मापाची चप्पल घालत नाही, तसंच हे.

अर्ध्या पानाचा कागद

तासाभराच्या बोलण्यातून चार गोष्टी ठरल्या. त्या मी तिथेच अर्ध्या पानावर लिहिल्या.

पहिली गोष्ट गणिताची. धडा सुरू होण्याआधी तिने शेवटच्या सरावसंचातली पाच अवघड उदाहरणं सोडवून सरांना दाखवायची. पाचही बरोबर आली तर बाकीचा सराव एकाआड एक करायचा आणि उरलेल्या वेळात कोड्यांची वही काढायची. चुकली तर सगळ्यांबरोबर पूर्ण धडा. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी बुद्धिमान मुलांवर बरंच काम केलं आहे. जे येतं ते आटोपशीर करून वाचलेला वेळ नव्या गोष्टीला द्यायचा, ही त्यांनी मांडलेली रीत. मला ती ठाऊक होती म्हणून मी असं म्हणाले असं नाही. आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत तेच चालायचं. नाव नंतर वाचनात आलं.

दुसरी, ग्रंथालयातून आठवड्याला दोन पुस्तकं, आणि वरच्या इयत्तेचं मागितलं तरी द्यायचं.

तिसरी, प्रश्नवही. तिला सारखे प्रश्न पडतात. साठ मुलांच्या वर्गात सगळे विचारले तर तास संपेल. म्हणून तिने ते वहीत लिहायचे आणि विज्ञानाच्या बाईंनी शनिवारी पाच मिनिटं पाहायचे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ‘हे आठवीत येईल’ किंवा ‘अमुक पुस्तकात बघ’ एवढं लिहिलं तरी पुरे.

चौथी, लवकर काम संपलं म्हणून दर वेळी तिला दुसऱ्यांच्या वह्या तपासायला किंवा ‘ढ’ मुलांना शिकवायला बसवायचं नाही. कधीमधी ठीक आहे. पण ती शिकायला आली आहे, तिलाही नवं काही मिळायला हवं.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा भेटायचं. सरांनी कागदावर सही केली नाही, पण वर्गशिक्षिकेला बोलावून तो वाचून दाखवला आणि फाईलला लावला. मला तेवढं पुष्कळ होतं.

मराठीच्या बाईंनी मात्र साफ सांगितलं, “शुद्धलेखन सगळ्यांनी सारखंच लिहायचं.” आणि खरं सांगू? त्यांचं बरोबर होतं. माझ्या लेकीचं अक्षर गिचमिड आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद. एका विषयात पुढे असलेलं मूल सगळ्यातच पुढे असतं असं नाही. श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट आपण ऐकलेली असते. शाळकरी वयात घरी राहायला असलेल्या कॉलेजच्या मुलांची गणिताची पुस्तकं त्यांनी वाचून काढली. पण पुढे कुंभकोणमच्या कॉलेजात गणितापायी बाकीचे विषय मागे पडले, नापास झाले आणि शिष्यवृत्तीही गेली. म्हणून सोय मागताना विषय नेमका सांगावा. ‘माझी मुलगी फार हुशार आहे’ असं मोघम सांगून काही होत नाही.

काही मुलं तर अशी असतात की बुद्धी तल्लख, पण वाचता-लिहिताना अक्षरं नाचतात. तोंडी सगळं सांगतील, पेपरात मात्र काहीच नाही. त्यांना आळशी म्हणून मोकळं होऊ नका. अध्ययन अक्षमता हा दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मान्य केलेला प्रकार आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक अशा गोष्टी मिळू शकतात. हुशारी आणि ही अडचण एकाच मुलात असू शकते, हे शिक्षकांनाही सांगावं लागतं.

खोडलेली उत्तरं

जुलै छान गेला. ऑगस्टमध्ये गणिताच्या घटक चाचणीत तिला वीसपैकी तेरा मार्क पडले. घरी आली, पेपर दाखवला आणि जेवायला बसली. चेहऱ्यावर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांचा फोन आला. म्हणाले, “पेपर उजेडात धरून बघा.” मी धरला. चुकीच्या उत्तरांखाली रबराने खोडलेली बरोबर उत्तरं पुसट दिसत होती. तीन उदाहरणं तिने आधी बरोबर सोडवली होती, मग खोडून चुकीची लिहिली होती.

मी तिला रागावले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर विचारलं. बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “पैकीच्या पैकी पडले की सर सगळ्यांसमोर उभं करतात आणि म्हणतात, हिच्याकडून शिका. मग मधल्या सुट्टीत मला कुणी डब्याला बोलवत नाही.”

जिल्हा परिषदेच्या बाई म्हणाल्या होत्या, मुली गप्प होतात. त्याची सुरुवात अशी होते. दहा वर्षांची मुलगी डब्याच्या पंगतीसाठी तीन गणितं खोडते. पंधराव्या वर्षी काय काय खोडेल?

सरांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “मला वाटायचं, मी तिला मान देतोय.” त्यांचा हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मार्क मोठ्याने वाचणं बंद केलं. पेपर पालथे घालून हातात द्यायला लागले. सगळ्यांचेच.

कौतुकाबद्दल एक अभ्यास वाचण्यासारखा आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी तो १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तोही पाचवीतल्याच मुलांवर. काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत केलीस’ म्हटलं. ज्यांच्या हुशारीचं कौतुक झालं होतं, ती पुढे सोपं काम निवडायला लागली आणि अवघड पेपरानंतर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड काम मागत राहिली. घरात आम्हीही शब्द बदलले. ‘किती गं हुशार’च्या जागी आता ‘हे कसं सुचलं तुला?’ असं विचारतो. सासूबाई तर तिच्याकडून कोडी शिकून घेतात.

आणि आणखी एक गोष्ट झाली. सरांनी मागच्या एका बाकाचा ‘कोड्यांचा बाक’ केला. ज्याचं काम संपेल त्याने तिथे जायचं आणि वहीतलं कोडं सोडवायचं. आता माझी लेक तिथे एकटी नव्हती. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा आला. वडिलांचं पंक्चरचं दुकान, परीक्षेत जेमतेम पास होणारा. पण काडेपेटीच्या काड्यांची कोडी तो माझ्या लेकीपेक्षा भराभर सोडवायचा. त्याला आजवर कुणी हुशार म्हटलं नव्हतं. दिवाळीपर्यंत त्या बाकावर पाच जण झाले, आणि मधल्या सुट्टीत त्या पाचांचे डबे एकत्र उघडायला लागले.

कायदा काय म्हणतो

शाळेत कायदा काढून दाखवायची वेळ माझ्यावर आली नाही, तुमच्यावरही न येवो. पण माहीत असलेला बरा. शिक्षण हक्क कायदा, २००९ पहिली ते आठवीला लागू आहे. त्याच्या कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेनुसार जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. आपण ते फक्त मागे पडलेल्या मुलांसाठी समजतो, पण कायद्यात शब्द ‘प्रत्येक मूल’ असा आहे. कलम २९ मध्ये मुलाचं ज्ञान, क्षमता आणि प्रतिभा वाढवण्याची गोष्ट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही विशेष प्रतिभा असलेल्या मुलांसाठी शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर विषयांची मंडळं काढावीत असं सुचवलं आहे. आमच्या शाळेतला कोड्यांचा बाक म्हणजे तेच मंडळ, फक्त खर्चाशिवाय.

चाचणी करावी का?

बऱ्याच जणी विचारतात, बुद्ध्यांक काढून आणू का? आपल्याकडे बिने-कामत चाचणी मराठीतून होते. नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली चाचणीही वापरली जाते. सरासरी बुद्ध्यांक १०० धरतात आणि १३० च्या वर शंभरातली साधारण दोन मुलं असतात. मूल फार अस्वस्थ असेल, किंवा हुशारी दिसते पण मार्कांत उतरत नाही असं असेल, तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घ्यावी. एरवी शाळेला आकडा दाखवण्यापेक्षा वही दाखवा. आकड्याने शिक्षक बिचकतात, वहीवर बोलणं सुरू होतं. आणि आकडा कळलाच तर तो मुलाला आणि नातेवाइकांना सांगत फिरू नका.

बाहेरचे रस्ते

शाळेबाहेरही दारं आहेत. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला १९६९ पासून बुद्धिमान मुलांसाठीच चालते, पाचवीला चाचण्या घेऊन प्रवेश देतात. सहावीला जवाहर नवोदय विद्यालय आहे. देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळांपैकी एक आपल्या अमरावतीला निघाली. राहणं, जेवण, शिक्षण मोफत. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. परीक्षा पाचवीत असताना द्यायची असते आणि ती एकदाच देता येते, म्हणून फॉर्मची तारीख चुकवू नका. मुंबईच्या विज्ञान अध्यापक संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. मराठी माध्यमाची मुलंही तिला बसतात.

माझ्या लेकीने नवोदयची परीक्षा दिली. निवड झाली नाही. अख्ख्या जिल्ह्यातून जास्तीत जास्त ऐंशी मुलं घेतात. दोन दिवस हिरमुसली. मग तिने त्याच पुस्तकातली आकृत्यांची कोडी कोड्यांच्या बाकावर नेली. सांगायचं एवढंच की सगळ्या हुशार मुलांना वेगळी शाळा मिळणार नाही. बहुतेकांना याच शाळेत, याच साठ जणांत शिकायचं आहे. म्हणून याच शाळेत थोडी जागा करून घ्यायला हवी.

जाताना एवढं लक्षात ठेवा

एकटीने जायला संकोच वाटत असेल तर जुन्या शिक्षकांची चिठ्ठी न्या. बोलणं तक्रारीने सुरू करू नका. एका वेळी तीन-चारच गोष्टी मागा, आणि शिक्षकांचं काम वाढणार नाही अशाच मागा. साहित्य आपण पुरवा. जुनी प्रज्ञाशोधाची पुस्तकं रद्दीच्या दुकानातही मिळतात. ठरलेलं कागदावर लिहा आणि पुन्हा भेटायची तारीख ठरवा. वरच्या वर्गात चढवण्याची घाई करू नका. त्या वयात बरोबरीच्या मैत्रिणीही लागतात. मुलाला विचारल्याशिवाय काही ठरवू नका, कारण वर्गात बसायचं त्याला आहे. आणि एखाद्या शिक्षकाने काही केलं तर त्यांना तसं सांगा. पेपर उजेडात धरून पाहणारे सर सगळ्यांना मिळतात असं नाही. मी त्या सरांना दिवाळीला फराळ नेऊन दिला तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही जूनमध्ये आला नसता, तर मी तो पेपर तेरा मार्क लिहून खाली ठेवला असता.”

लेक आता सातवीत जाईल. गणिताचे सर बदलून गेले, नव्या बाई येणार आहेत. तो अर्ध्या पानाचा कागद मी फाईलमधून मागून घेतला आहे. त्यातल्या दोन गोष्टी आता लागत नाहीत, त्या लेकीनेच खोडल्या. एक नवी तिने स्वतः लिहिली आहे: ‘कोड्यांचा बाक ठेवावा, आम्ही नऊ जण आहोत.’ या वेळी बाईंना भेटायला ती माझ्याबरोबर येणार आहे. म्हणते, “आई, तू फक्त बस. मी बोलते.”